चारही चाकं ओढणारी गाडी

प्रिय आई,

देवाच्या दयेने काल नवी गाडी आली. चारही चाकं ओढणारी, बर्फातल्या चढावरही न अडणारी मागवली, म्हणून दोन हजार डॉलर जास्त पडले. हो म्हणणारी मीच! तुझा जावई रेनो चिडवतो, "एवढं दांडगं इंजिन, आणि बाईसाहेब चालवतात जणू मागे अंडी ठेवलीत."

गेल्या हिवाळ्यात तुझ्या घराच्या चढावरून बर्फामुळे दोनदा मागे फिरलो, ते मनातून जात नाही. बाबांनंतर लाकडं कोण फोडतं? गुडघा कसा आहे?

बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून रेनोने जुन्या सवयीने डिकीत वाळूची पोती टाकलीच. मी ती काढायला लावली. तिथे तुझी पेटी बसेल.

हिवाळाभर आमच्याकडे राहा. उलट टपाली 'हो' लिही. 'नाही' लिहिलंस तरी रविवारी प्रार्थनेनंतर मी तुला आणायला निघणारच.

तुझी,
एल्मा