जुना कंपायलर, नवा कंपायलर आणि थोरल्याची खोली

३ मार्च, सोमवार
आलं ते: वापरलेला कॉम्प्युटर एक, साडेसहा हजार (सांगितले आठ). कीबोर्ड त्यातच, एक बटण नाही. वायरी तीन, पैकी एक कशाची ते दुकानदारालाही माहीत नाही. हमाली दीडशे. ह्यांना सांगितलं, हिशोबासाठी आणला. खोटं नाही, हिशोबही लिहीन.

खरं कारण थोरला. दीड वर्षापूर्वी ह्यांचं आणि त्याचं झालं. भांडण नव्हे, शब्दाला शब्द. दिवसभर घरात बसून बटणं बडवायची याला नोकरी म्हणतात का, असं हे म्हणाले, तो बॅग भरून गेला. परवा फोनवर म्हणाला, आई, तिथे येऊन काम कसं करू, माझं तिथे आहे काय? म्हणजे अडचण फक्त मशीनची. महिनाअखेर तो घरी राहायला आलेला असेल.

५ मार्च
लेकीने फोनवर समजावलं. तीही त्याच धंद्यातली. थोरला जे लिहितो ते मशीनला कळेल असं करून देतो तो कंपायलर. इथे असताना त्याने लिहिलेलं (पेन ड्राइव्ह कपाटात सापडला) जुन्या कंपायलरवर चालतं. ऑफिसात आता नवा आहे. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. म्हटलं, दोन्ही घालते, त्याची गैरसोय नको. म्हणाली, घाल, पण वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, नाहीतर मारामारी होईल. मला सांगते. दोन जावांबरोबर एका स्वयंपाकघरात संसार केलाय मी.

७ मार्च
दोन्ही एकाच फोल्डरमध्ये घातले. पहिल्यात एवढी जागा मोकळी असताना दुसरा कशाला उघडायचा? मध्ये मशीनने काहीतरी विचारलं. विचारणाऱ्याला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. हो म्हटलं. आणखी विचारलं, आणखी हो. मग थोरल्याचं जुनं काम चालवायला गेले तर स्क्रीनभर लाल अक्षरं. लेक म्हणाली, नव्याने जुन्याच्या फायली पुसल्या, परवानगी तूच दिलीस. मशीन वापरलेलं आहे. आधीच्या घरच्या सवयी असणार.

उद्यापासून: वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही. जप करताना मशीनचा विचार नाही.

८ मार्च
जपात मशीनच.

सगळं पुसून पुन्हा घातलं. फोल्डर दोन केले, 'जुना' आणि 'नवा'. तरी जुनं काम नव्याकडेच जातं. लेक म्हणाली, मशीनजवळ पाथ नावाची यादी असते, कंपायलर कुठे शोधायचा याची. जो आधी सापडेल त्याला काम. दुसरा घरात असून नसल्यासारखा. दोघांनाही यादीतून काढ, आणि ज्याचं काम असेल त्याला पूर्ण पत्त्यानिशी हाक मार. म्हणजे एकाची दुसऱ्याशी गाठच पडणार नाही.

किती सोपं. हे दीड वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

११ मार्च
चाललं. जुनं जुन्यावर, नवं नव्यावर. थोरल्याच्या प्रोग्रामने एक आकडा मागितला. मी पाच दिला. 'चूक' असं लिहून बंद झाला. डोळे भरून आले. अगदी त्याचंच बोलणं.

आता हाच नियम घराला. ह्यांचं जेवण सातला, त्याचं नऊला. ह्यांची खुर्ची पुढच्या खोलीत. त्याने मागच्या दाराने यायचं. ज्याचं काम त्यालाच हाक. लेकीला हौसेने सांगितलं तर म्हणाली, आई, ते कंपायलर आहेत, ह्या दोघांना तोंडं आहेत. तिला व्यवस्था म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.

१६ मार्च
थोरल्याला फोन. मशीन तयार आहे म्हटलं. बघतो म्हणाला. म्हणजे येतो.

ह्यांनी विचारलं, खुर्ची का हलवली? म्हटलं, उजेडासाठी. मग विचारलं, तो येणार आहे का? म्हटलं, बघतो म्हणालाय. ह्यांनी पेपरची घडी घातली. नंतर म्हणाले, मी काय खातो का त्याला? राग अजून गेलेला नाही. व्यवस्था केली ते बरं.

२९ मार्च
काल आला. देवाची कृपा. मागच्या दाराने, सांगितल्याप्रमाणे. स्वतःचा लॅपटॉप घेऊनच आला होता. मी मशीन लावून दोन्ही फोल्डर दाखवले. हे तू केलंस, म्हणाला. मग म्हणाला, जुनं काम मी केव्हाच सोडून दिलं गं. प्रवासाने दमला होता.

बाबा कुठे आहेत, विचारलं. म्हटलं, पडलेत. (पुढच्या खोलीत वाचत होते, पण वाचता वाचता पडतातच.) तिकडे ह्यांनी विचारलं, आलाय ना तो? म्हटलं, कामात आहे. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुठे जायचं होतं कोण जाणे.

आज सकाळी हे आंघोळीला गेले तेवढ्यात त्याला वाटेला लावलं. एका शब्दाची वादावादी नाही. पूर्ण यश.

६ एप्रिल
थोरला फोन उचलत नाही. लेक म्हणते, त्याने तिला सांगितलं, बाबांना माझं तोंड बघायचं नाही, मला चोरासारखं मागच्या दाराने घेतलं आणि मागूनच काढलं, आता परत नको. मी असं काही म्हटलंच नव्हतं. तो शब्द धरून बसतो, लहानपणापासूनचं आहे.

ह्यांच्या कानावर गेलं. ओरडले नाहीत. जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, कागद घे, मी सांगतो ते तुझ्या नावाने त्याला लिही. तसंच लिहिलं. चश्म्यामुळे जरा वेळ लागला. आधी इथे उतरवते, मग स्वच्छ लिहीन.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.
मशीन ठीक आहे. तू आलास त्या रात्री बाबा जागे होते. मला वाटलं, पडलेत. तुला जमेल तेव्हा ये. जमणार नसेल तर तुझ्याकडे येतो म्हणतात. एकटेच येणार आहेत, मी बरोबर नको असं त्यांनी सांगितलं आहे. गाडीतून उतरल्यावर कुठे थांबायचं, तेवढं उलट टपाली कळव.