गुरूच्या कपाळावर टिळा

मंगळवार, संध्याकाळ. पेण.

जिंकले बाई आज! रोह्याच्या शाळेत शिकवणारी पुतणी विज्ञान प्रदर्शनासाठी मी रंगवलेले ग्रहांचे गोळे न्यायला आली आणि गुरू बघून ओरडलीच. "काकी, ते तांबडं वादळ खाली पायजे, दक्षिणेला! तू तर टिळा लावलास गो!"

खरंच की. जन्मभर गणपती रंगवणारा हात, लाल रंग घेतला की कपाळच शोधणार. आता काय करायचं? प्रदर्शन उद्या, नवा रंग वाळणार कधी? पोरगी रडकुंडीला आली. तो लाल डाग माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

मग गोळा उचलला आणि सरळ उलटा ठेवला. डाग दक्षिणेला!

इतका वेळ का सुचलं नाय? मूर्ती कधी उलटी ठेवलीच नाय ना. पण गुरूला डोकं कुठंय नि पाय कुठंय!