मुक्काम पोस्ट बसरा

४ जानेवारी १९४३, हट्टा
नवी वही. इंग्रजी तारखा घालणार. यापुढे माझं सगळं परदेशातच.
हुकूम आला! हैदराबादेत तीन वर्षं नर्सिंग शिकले, पास झाले, लढाईच्या इस्पितळासाठी अर्ज केला. नेमणूक थेट बसऱ्याला. अठरा तारखेपर्यंत रुजू व्हा, नाहीतर हुकूम रद्द. निघालं की रुजूच धरत असतील. जहाजाचा उल्लेख नाही, पण तो ओघानंच आला.
हुकूम उर्दूत, घाईच्या अक्षरात. उर्दूत बसरा 'स्वाद' या अक्षरानं लिहितात, यांनी 'सीन'नं लिहिलाय. पुढची अक्षरंही भलतीच. कारकुनाचं उर्दू कच्चं. माफ केलं.

५ जानेवारी
व्यंकटकाका म्हणाले, आण, मी वाचतो. काका लोकांचे अर्ज लिहून देतात, एवढ्यावर उर्दू आपल्या घरचं समजतात. दाखवला नाही. ही नोकरी गेली तर बाळापूरच्या बिजवराला होकार कळवणार, असं त्यांनी पुन्हा बजावलं. बिजवराला तीन मुलं आणि दमा आहे. दम्याचं औषध बसऱ्याहून पाठवीन म्हटलं.

७ जानेवारी
परदेश म्हणजे थंडी. स्वेटर विणायला घेतला. रोज एक वीत.

८ जानेवारी
विणलं नाही. अरबी शिकावी का, यावर विचार केला. नको. माझं उर्दू आहे.

१० जानेवारी
जहाज लागतं म्हणे. सवय व्हावी म्हणून बैलगाडीत उलट्या तोंडानं बसले. वेशीच्या आतच ओकले. गाडीचा दोष. जहाजाला चाकं नसतात.

१३ जानेवारी
आई दोन वर्षं पुरेल एवढं लिंबाचं लोणचं भरून राहिली. म्हणाली, इतक्या दूर काहून जातीस गं? तिकडं आजारी पडलीस तर कोण बघल? नर्स बघेल म्हटलं. कोणती नर्स? मीच. आईनं बरणीला फडकं बांधलं, सोडलं, परत बांधलं. मला वाईट वाटलं. तिला फोटो पाठवणार.

१७ जानेवारी
गावानं निरोप दिला. हार, वाजंत्री. सटवाजी पाटील म्हणाले, पोरीनं हट्ट्याचं नाव समिंदरापार नेलं. मीही बोलले. पाच वर्षं माझं तोंड दिसणार नाही, असं सांगितलं. बायका रडल्या. भाषण चांगलं झालं.

१८ जानेवारी, वसमत, सकाळी ११
पुढची मोटार इथूनच. सरकारी पाटीवर 'बसमत' लिहिलंय. व नीट येत नाही या लोकांना.
जहाजासाठी लस टोचून घ्यायला दवाखान्यात आले. मोठी रांग. डॉक्टर म्हणाले, टोचणारी नर्सच नाही. नवी नेमलेली दोन आठवडे झाले आली नाही. आज पाचपर्यंत वाट बघणार, मग नाव कापणार.
कसल्या बायका! असल्यांमुळे आमचा पेशा बदनाम. खुशाल कापा म्हटलं.

संध्याकाळी ६
पावणेपाचला डॉक्टर नेमणूक रद्द करायचा कागद भरायला बसले. मी जाब विचारायच्या तयारीनं डोकावले. कागदावर नाव माझंच: अनुसयाबाई, राहणार हट्टा.
माझा हुकूम पुढे केला. त्यांनी बोट ठेवून वाचला. बे, सीन, मीम, ते. बसमत. ते म्हणाले, बाई, लढाईच्या अर्जाचं माहीत नाही, ही नेमणूक इथली आहे.
पाचला पाच मिनिटं कमी असताना सही केली. रांगेतल्या एकोणीस जणांना टोचलं. एकही सुई चुकली नाही. एवढं खरं लिहून ठेवते.

२४ जानेवारी
बाजाराचा दिवस. हट्ट्याचे लोक येतात, म्हणून दवाखान्यात मागच्या दारानं गेले. मागच्या दारात आई बसलेली. काकांनी कुठूनसं ऐकून सगळं सांगितलं होतं. पहाटे गाडीत बसली, न्याहारीच्या वेळेला पोचली.
ओरडेल वाटलं. तिनं डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, बसरा लई जवळ निघालं की गं.
बिजवराचं विचारलं. त्याला न्हाई म्हणून कळवलं म्हणाली, लेक सरकारी नोकरीत हाय.
जाताना बरणीतलं निम्मं लोणचं काढून परत नेलं. एवढं कशाला, म्हणाली, आता दर बाजाराला येतेच की.
रडू आलं. जहाजात बसले असते तरी इतकं आलं नसतं.