उलट बाजूची खोली

आदरणीय दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझाच, सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? तुमच्याकडे मुक्कामाला असलेल्या आणखी एका व्यक्तीची तब्येत कशी आहे, हे मी विचारलेलं नाही. ओघात कळवलंत तर वाचून घेईन.

मी इथे मजेत आहे. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून दुकान बंद केलं आणि मोकळ्या हवेत राहायला माळावरचा हा तुकडा घेतला. खोली माझी मीच बांधणार म्हटल्यावर तुम्ही, स्वतः सुतार असून, ‘दाजी, झबली शिवा’ एवढंच म्हणालात, ते मी कधीच विसरलो. (मंगळवार होता, तुम्ही चहा पीत होता, आणि हसताना तो तुमच्या नाकात गेला.) खोली उभी राहिली, दादा. फक्त हाताला वळण शिंप्याचं. आम्ही कापडाची सुलट बाजू आत ठेवून शिवतो आणि शेवटी उलटवतो. फळ्या मी तशाच ठोकल्या. दाराची कडी, खिडकीची खिटी, कपड्यांच्या खुंट्या, जे जे आत हवं ते सगळं बाहेर. छपराचा शेवटचा खिळा मारला आणि, खोटं कशाला बोलू, खोली उलटवायला हात कुठून घालायचा ते शोधत मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. मग खाली बसलो.

संडास तर थेट मापावर बांधला. हिचे खांदे, छाती, कंबर घेतली, वर चार बोटं ढील. उभं राहिलं तर फिटिंग अशी की कुठे सुरकुती नाही. तिथे माणूस बसतं, हे कटिंगच्या वेळी ध्यानात आलं नाही. तर त्या दिवशी मी संडासाची पुढची बाजू उसवत होतो, ही खोलीत दार लोटून केर काढत होती, आणि शेजारणीची शेळी दाराला पाठ घासायला आली. बाहेरची कडी लागली. ही दोन तास आत. मला हाका ऐकू आल्या नाहीत. (आल्या, पण जेवायला बोलावतेय असं वाटून मी ‘आलोच’ म्हणत राहिलो.) दार उघडलं तेव्हा तिचं बोलायचं ते सगळं फळ्यांच्या फटीतून शेळीला बोलून झालं होतं. पिशवी भरली, आतून कडी लागेल असं घर झालं की कळवा म्हणाली, आणि तुमच्याकडे आली. आज अकरा दिवस झाले. मी मजेत आहे, हे वर लिहिलंच आहे. चहा अजून दोन कप होतो, पण ते भांड्याच्या सवयीमुळे.

तरी कडीसाठी आठ स्क्रू पाठवावेत, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. वहिनींना नमस्कार.

आपला,
दाजी

ता. क. स्क्रू नकोत. कडी परवाच आतून बसवली. लावून पाहिली, झकास लागते. पण आत एकट्यानं बसून कडी लावायची ती कुणासाठी, हे लावल्यावर कळलं. दादा, तिला पाठवा. मला करमत नाही.

आणखी एक ता. क. मी असं लिहिलंय हे तिला सांगू नका. संडास बसत्या मापानं पुन्हा कापायचाय, ट्रायलला माणूस लागतं, असं सांगा.

शेवटचा ता. क. बाहेरची कडी मी काढलेली नाही. पुन्हा चिडली तर मला आत कोंडून तिला शेळीशी बोलत बसता येईल. निदान तेवढ्यासाठी तुमच्या घरापर्यंत जावं लागणार नाही.