रेडिओवर वाजलेले बूट

कापडे, ता. पोलादपूर
१४ डिसेंबर १९९८

प्रिय मित्र इरशाद यास चंदूचा नमस्कार आणि सलाम.

तब्येत कशी आहे? कुवेतात रस्त्याच्या उलट्या अंगाने गाडी हाकायची सवय झाली का? तुझ्या अम्मी खैरुनबी महाडच्या बाजारात भेटल्या. गुडघा बरा आहे. (मला नको असताना अर्धा किलो सुकट घ्यायला लावली, म्हणजे प्रकृती उत्तमच.) आता मुख्य गोष्ट. मी रेडिओवर जाऊन आलो.

तू टेम्पोने आमची नमनाच्या खेळाची मंडळी गावोगाव न्यायचास, तेव्हा माझी ठमाआत्या प्रेक्षकांत कायम पुढे बसायची. तिला दिसत नाही, पण माझं एक सोंग चुकवायची नाही. लोक हसले की शेजारणीला विचारायची, "काय केलान गो त्याने?" शेजारीण सांगेपर्यंत मी पुढच्या गमतीवर गेलेला. जिने मला आईमागे वाढवलं, ती वीस वर्षं माझ्यावर एक गंमत मागे राहून हसत आली. म्हणून रेडिओचं बोलावणं आलं तेव्हा मी तिला शब्द दिला, की तिथे कोणालाच काही दिसत नाही, या खेपेला तू सगळ्यांबरोबर हसशील.

मुंबईच्या त्या खोलीचं काय सांगू! जाड दार लागलं आणि जगातले आवाजच संपले. मी कारखान्यात आठ-आठ तास मशीनशेजारी उभा राहणारा (बायकोशीही ओरडूनच बोलतो), मला पहिल्यांदा माझाच श्वास ऐकू आला. देवळातसुद्धा मी कधी इतका नम्र झालेलो नाही. काचेपलीकडे नीलाताई म्हणून अधिकारी होत्या. लाल दिवा लागला आणि मी जावयाचं सोंग काढलं. दुपारी सासुरवाडीला सगळे आडवे झालेत आणि जावई लाडवांच्या डब्याकडे पाय न वाजवता निघालाय, ते. दोन वाक्यं बोललो आणि पुढे सवयीने सगळं चेहऱ्याने आणि चालीने करत सुटलो. भुवया, मान, आत ओढलेलं पोट. नीलाताई डोळे पुसत होत्या, म्हणून मला आणखी चेव चढला. मग त्यांनी टेप ऐकवली. माझी दोन वाक्यं, आणि त्यानंतर तू गेल्या ईदला दिलेले बूट. करकर. शांतता. करकर, करकर. वीस वर्षांच्या कलेतून एवढंच निघालं. ताई म्हणाल्या, हेच राहू द्या. आत्याला काय तोंड दाखवू या विचारात महाड कधी आलं ते कळलं नाही.

रविवारी दुपारी गोमाजीमामांच्या ओटीवर अख्खी वाडी जमली. मी इथे बसलेला आणि माझा आवाज त्या रेडिओतून येतोय, हे अजून माझ्या डोक्यात मावत नाही. (ठकूबाईंनी तर पाहुणा आल्यासारखा डोक्यावर पदर घेतला.) दोन वाक्यं झाली, बूट सुरू झाले. सेट बिघडला म्हणून मामांनी त्याला एक चापट दिली. मी जमिनीकडे बघत बसलो. आणि आत्या हसली. एकटी. म्हणाली, "गप ऱ्हवा रे, काय बिघडला नाय. त्यो डब्याकडं चाललाय." पुन्हा करकर, पुन्हा ती हसली, तोंडात पदर कोंबून. आणि इरशाद, सगळी वाडी तिच्याकडे वळून विचारायला लागली, काय केलान गो त्याने? ती सांगेपर्यंत जावई पुढे गेलेला असायचा. मी उठून गोठ्यामागे गेलो, कारण मला रडू आलं. लोकांना हसवणाऱ्याने चारचौघांत रडू नये.

स्वतःला जप. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
चंदू

ता. क. जानेवारीत नीलाताईंनी पुन्हा बोलावलंय. बूट मात्र ओढ्यात भिजले आणि वाळल्यापासून गप्प आहेत. राख, तेल, ऊन, सगळं करून पाहिलं. त्याच दुकानातले, तसलेच, सात नंबरचे धाड. चांगल्यातले अजिबात नकोत.

पुन्हा ता. क. पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणते, वाजायचा तो डावाच, उजवा पहिल्यापासून मुका. तेव्हा महाग असतील तर एकच पाठव.