प्या, कॉफी प्या

करक,
रविवार, १२ ऑक्टोबर

चि. दीमा हिला बाबाचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

इथं सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा गारवा सुटला की कुरकुरतो. ऑलिव्ह उतरवायला घेतलेत. यंदा आपलं फळ बारीक आहे, शेजारच्या अबू राकानचं मात्र टपोरं. तो आपल्या वाटणीचं पाणी वळवतो असा मला संशय आहे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनमध्ये हल्ली मधूनच टक् असं वाजतं. तुझी आई म्हणते, "तुमच्या कानातला मळ असेल." असेलही. पण तुझ्या विमान कंपनीत चौकशी चालू असताना मी उगाच बोलणार नाही. अम्मानच्या बसचा ड्रायव्हर फिरास, त्याच्याकडे पाकीट देतोय. सगळ्या बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. ती फाटलेली दिसली तर त्याला काही बोलू नकोस, मला कळव.

तुझ्या खोलीवर कुणी आलं होतं का? मिठाईचा डबा कुणी दिला तर घेऊ नकोस. लिफ्टमध्ये कॅप्टन सुफयानचं नाव काढू नकोस.

एक विचारतो, रागावू नकोस. गेल्याच्या गेल्या शुक्रवारी तू ताटात ऑलिव्हच्या बिया ओळीनं मांडून दाखवलंस. ही रेघ, इथं लाल दिवे, विमानानं इथं थांबायचं. पलीकडे धावपट्टी आणि तिच्यावर दुसरं विमान उतरतंय. टॉवरनं 'थांबा' म्हटलं, तू सहवैमानिक म्हणून 'थांबतो' असं उत्तर दिलंस, तरी कॅप्टननं विमान रेघेपुढं नेलं. उतरणाऱ्यानं वेळेवर विमान परत वर उचललं म्हणून सगळे वाचले. इथपर्यंत मला समजलं. पण तू कॅप्टनला 'थांबा' म्हणालीस ते तोंडानंच म्हणालीस ना? मनातल्या मनात नव्हे ना? तो म्हणतो, तू कागदात डोकं घालून बसली होतीस. आवाज टिपणाऱ्या त्या डब्यात तर पुढच्या प्रवासाचा आवाज भरला आणि आधीचा पुसला गेला. म्हणजे तुझा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरलं.

तो काय म्हणतो हे मला कसं कळलं? सांगतो.

गुरुवारी सकाळी अबू राकान आला. "अबू निदाल, दुपारी घरीच थांब. चांगल्या कामाला माणसं येणार आहेत."

"कोण माणसं?"

"अरे, मुलीच्या बापानं इतकं खोदून विचारू नये!" असं म्हणून हसला. ते हसणं मला आवडलं नाही. तुझ्या आईला आवडलं. कॅप्टनच्याच घरचे येणार असं तिनं धरलं; त्याचा धाकटा भाऊ लग्नाचा, दातांचा डॉक्टर आहे हे तिला कुठून कळलं होतं देव जाणे. तिनं ठेवणीतले पेले काढले.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर गाड्या आल्या. गल्ली भरली. तुझ्या भावाच्या, निदालच्या लग्नातही आपल्या दाराशी एवढ्या गाड्या नव्हत्या. पुढं कॅप्टनचा चुलता अबू तुर्की, अंगावर काठाचा काळा झगा. मी स्वतः कॉफी ओतली. त्यानं पेला घेतला आणि न पिताच पुढ्यात ठेवला. मग बाकीच्यांनीही ठेवले. मागणं मान्य होईपर्यंत ओठ लावायचा नाही, रीतच ती.

तेल बसनं पाठवू की तू न्यायला येशील? डबे महाग झालेत.

असो. मी म्हणालो, "प्या, कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

दीमा, मागणं ऐकायच्या आधी म्हणालो.

ते सगळे प्याले. मग अबू तुर्कीनं मिशी पुसली. "अल्लाह तुझी इज्जत राखो. आमचा सुफयान म्हणतो, पोर कागदात डोकं घालून बसली होती. तिनं बुधवारी चौकशीत एवढंच म्हणायचं, मला आठवत नाही. बाकी आम्ही बघतो."

"आठवत नाही म्हटलं तर दोष कुणाकडे जाईल?"

"जाईल वाटून. ती लहान आहे, तिला पुढं पुष्कळ दिवस आहेत."

गाड्या गेल्यावर तुझी आई बाहेर आली. "मला वाटलं मुलगी मागायला आले. हे तर तिची जीभ मागून गेले! आणि तुम्ही ती तबकात घालून दिलीत." तेव्हापासून माझं ताट वाढत होती, पण बोलत नव्हती.

अबू राकानला आधीच सगळं ठाऊक होतं, मी पैज लावतो. पण खरा संशय मला माझाच येतो. माणसाच्या चपला बघून त्याचं मन ओळखणारा मी, त्या दिवशी गाड्याच बघत बसलो.

आज सकाळी मी त्या बिया पुन्हा मांडत होतो. तुझी आई उभी राहून बघत होती. शेवटी तोंड उघडलं. "तुम्ही फॉस्फेटचा ट्रक चालवायचात तेव्हा एवढीशी पोर शेजारी बसून 'बाबा, लाल! बाबा, लाल!' ओरडायची. तुम्ही खेकसलात तरी ऐकायची नाही. ती त्या कॅप्टनपुढं गप्प बसली असेल?"

वरचा तो प्रश्न वाचू नकोस. खोडलाच असता, पण पत्रात खाडाखोड दिसली तर वाटेत कुणीतरी हात घातला असं तुला वाटेल.

बुधवारी जे घडलं ते सांग. शब्द मी दिला, तो माझा होता. तुझ्या जिभेवर माझा हक्क नाही. मंगळवारी मी अबू तुर्कीकडे जातोय. एवढ्या गाड्या कुठून आणू? भाच्याची पिकअप आहे. तुझी आईही निघाली आहे. या कामाला बायका जात नाहीत म्हटलं, तर म्हणते, "मग मी गाडीत बसून राहीन, पण येणार." तो कॉफी देईल. मी पेला खाली ठेवीन आणि माझा शब्द परत मागेन. नाही दिला तर कॉफी गार होईल आणि अबू निदालच्या शब्दाला किंमत नाही असं करकभर होईल. होऊ दे. तुझं काम त्याच्यावर अडवू नकोस.

फोन करू नकोस. किंवा कर. टक् वाजलं तरी उचलीन.

लाल दिसूनही रेघेपुढं गेलेला,
तुझा बाबा