काळे खडे

मंगळवार, ९ जुलै

विजेची तार आमच्या बेटावरच्या वाडीतून जमिनीखालून जाणार. चर खणण्याआधी खाली जुनं काही आहे का, ते बघायला राजधानीहून पुराणवस्तू खात्याचा फिलिमोने आलाय.

"मावशी, इथं कुणाला पुरलंय?"

"माझ्या मुलीला, तेरेसियाला. चाफ्याखाली."

तिच्याबद्दल परक्या पुरुषासमोर पहिल्यांदाच बोलले! सापडली तर तार वळवू म्हणाला.

बुधवार, १० जुलै

चाफ्याखाली तेरेसिया नाही. निघालं ते एक नक्षीचं खापर. फिलिमोने नाचायचाच बाकी होता — "अडीच हजार वर्षांचं, मावशी!"

म्हणजे एवढी वर्षं मी खापराला फुलं वाहिली.

जेवले नाही.

गुरुवार, ११ जुलै

जन्मली तशीच गेली. मी तापात बेशुद्ध होते. सेमिसीदादानं पुरली. आई नुसतं "चाफ्याकडे" म्हणाली, आणि पुढे तीही गेली.

दादाला कसं विचारू? आमच्याकडची रीतच आहे, कळू लागल्यापासून आम्ही बहीणभाऊ एका खोलीत बसलेलो नाही. बाळंतपणाचा विषय तर बहिणीच्या तोंडून त्याच्या कानावरसुद्धा जाता कामा नये. शाळेत सिस्टर आन्येस म्हणायच्या, देवाला काहीही विचारावं. देवाला, हो!

शुक्रवार, १२ जुलै

वहिनीला गाठलं. "वन्सं, मला नका यात ओढू! तुमचं नाव काढलं की हे उठूनच जातात." बोलताना डोळे पुसत होती.

सोमवारी चर खणणार.

शनिवार, १३ जुलै

सापडली! फिलिमोनेबरोबर चराच्या रेषेनं शोधत गेले, तर दादाच्या घरामागे, केवड्याखाली — काळे खडे, सुपाएवढ्या जागेत. तार तिथूनच जायची होती.

आमच्या पांढऱ्या वाळूत काळा खडा कुठला? तो ज्वालामुखीच्या बेटावरून होडीनं येतो, थडग्यावर पसरायला. घरच्या बायका तो धुऊन तेलात घोळवतात.

फिलिमोनेनं बोट लावून पाहिलं. हळूच म्हणाला, "मावशी, तेल ताजं आहे."

बायकांचं काम. वहिनीकडे पाहिलं, तर तिनं मान हलवून घराकडे बोट केलं. दादा करत होता, लपून. मी तिथंच वाळूत बसले. दादा घरात होता, खिडकीकडे पाठ करून. तो वळला नाही, मीही हाक मारली नाही.

सोमवार, १५ जुलै

तार वळवायची म्हणून केवडा साफ केला. पलीकडे तसेच काळे खडे. तेवढ्याच जागेत. तेही तेलकट.

वहिनी म्हणाली, "जुळी होती, वन्सं. तुम्हाला एकाचंच दुःख पुरे म्हणून सासूबाईंनी आम्हाला न सांगायची शपथ घातली होती."

मुलगा होता. त्याच्यासाठी मी एकदाही प्रार्थना केलेली नाही.